सोमवारची वाट

आमच्या घरमालकांच्या मनगटावर किल्लीचं घड्याळ होतं. रोज सकाळी ओटीवर बसून ते त्याला किल्ली देत आणि रेडिओच्या बातम्यांबरोबर काटे जुळवून घेत. आणि हाच माणूस सायकल काढून निघाला की वाटेत जो भेटेल त्याला थांबवून विचारायचा, "किती वाजले?"

मला आधी वाटलं, बोलायला निमित्त म्हणून विचारत असतील. पण ते बोलत थांबायचे नाहीत. समोरच्याने वेळ सांगितली की "बरं" म्हणून लगेच पॅडलवर पाय. डांबरी रस्त्यावर त्यांनी कुणाला कधी वेळ विचारली नाही. शेताच्या बांधावर, सुरूच्या बनात, डोंगराच्या पायथ्याशी मात्र एक तरी माणूस भेटेपर्यंत रेंगाळायचे. एकदा भुईगावच्या किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, तर दुरून सुरूच्या काटक्या वेचत येणाऱ्या एका बाईसाठी ते अर्धा तास उन्हात उभे राहिले. मी सोबत होते. ती आली आणि म्हणाली, "माझ्याकडं कुठलं घड्याळ, बाबा." तरी त्यांचं समाधान झालं.

"काका, तुमच्या हातात घड्याळ आहे," मी न राहवून म्हणाले.

"मला वेळ कशाला पायजे? मी इथं आलेलो, ते तिला ठावं पायजे."

मी करमाळ्याकडची. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरातच काय, सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला नालासोपाऱ्याच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची नोकरी लागली, आणि राहायला जागा शोधताना माझ्या लक्षात आलं की एकट्या बाईला खोली द्यायला लोक किती प्रश्न विचारतात. पश्चिमेला, गासच्या बाजूला, काकांच्या घरामागे एक खोली रिकामी होती. काकांनी ना जात विचारली, ना लग्नाचं. एकच विचारलं.

"सायकल येते?"

"येते."

"मग ये राहायला, बाय."

लग्न होऊन गेलेल्या मुलीची सायकल त्यांनी पडवीतून काढली, तेल घातलं, सीट माझ्या उंचीला बसवली. माझ्याकडून कसली हमी मागितली नाही. परक्या गावात मला पहिल्यांदा कुणी माणूस म्हणून घरात घेतलं ते या माणसाने, आणि ते मी विसरलेले नाही.

काका आयुष्यभर एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर थोडी केळी, थोडी भाजी, पलीकडे भाताचे दोन तुकडे, एवढं बघायचे. आणि सायकल. सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक वाराची एक वाट ठरलेली. सोमवारी गावामागच्या शेतांच्या बांधावरून गासला. मंगळवारी भुईगावपासून राजोडीपर्यंत किनाऱ्याने, ओहोटीची वेळ बघून. बुधवारी पूर्वेला, सातिवलीवरून तुंगारेश्वरचा डोंगर. गुरुवारी चिंचोटीच्या जंगलातली पायवाट. शुक्रवारी मिठागरांचे बांध. शनिवारी कामं, आणि रविवारी सायकलला सुट्टी. "तिलाबी मानसासारखं वागवावं लागतं."

काकी तांदूळ निवडता निवडता मला सांगायच्या, "लोकांच्या नवऱ्याला एखादी भानगड असते. माझ्या पाच सवती हायेत. वार लावून जातात मेले."

"गुरुवारची लई दमवते," काका आतून ओरडायचे.

"तिच्याकडंच जेवा मग."

या पाच वाटा कशासाठी, ते मला वर्षभराने कळलं. काकांच्या वडिलांचं खाडीच्या बाजूला एक शेत होतं. वडील आजारी पडले, दोन वर्षं तिकडे कुणी गेलं नाही. तिसऱ्या वर्षी बापलेक नांगर घेऊन गेले, तर मधल्या जमिनीला तारेचं कुंपण. मधला मालक नवा होता. तो म्हणाला, इथे वाट होती कुठे? आम्ही तर कधी कुणाला जाताना पाहिलं नाही.

"शेत अजून आमच्या नावावर हाय," काका म्हणाले. "सातबारा हाय माझ्याकडं. जायला वाट नाय. तीस वर्षं झाली, मी ते लांबून बघतो."

त्यानंतर त्यांनी ठरवलं, ज्या वाटा उरल्यात त्या एकही आठवडा मोकळ्या सोडायच्या नाहीत. त्यातल्या तीन वाटांशी त्यांचा काही संबंध नव्हता. चिंचोटीच्या जंगलात त्यांचं काय होतं? मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं नाय, पन कुनाचंतरी असंल. तो आजारी असंल."

वाटेप्रमाणे ते सायकलची हवा बदलायचे. हातपंपाने, मोजून. डांबरी रस्त्याला पंचवीस दट्टे, गासच्या बांधाला अठरा, वाळूला पंधरा, चिंचोटीला चौदा. चिंचोटीची वाट म्हणजे नुसती मुळं आणि धोंडे. कामणच्या अलीकडे हमरस्ता सोडला की आधी पाणंद, मग झाडी, आणि मग ओढा डाव्याउजव्या हाताने खेळवत नेतो. मऊ चाक धोंड्याला चिकटून चढतं, कडक चाक उडवून लावतं, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि पुढे शाळेत दाब आणि क्षेत्रफळ शिकवताना हेच उदाहरण दिलं. तुंगारेश्वरच्या चढावर त्यांची ती जुनी, गियर नसलेली काळी सायकल निम्म्या वाटेत हार मानायची. मग ते खाली उतरून ढकलायचे. मला ढकलायची लाज वाटायची. देवळाकडे निघालेली माणसं बघत असायची.

"लाजतेस कुनाला? वाटेला चाकाची खून पायजे. तू वर बसलीस का खाली, ते तिला कळत नाय."

वाटेवर ते घंटी वाजवत नसत. माणूस पुढे दिसला की खोकायचे. घंटी म्हणजे बाजूला हो, आणि खोकला म्हणजे मी येतोय. गासची वाट कुणी शॉर्टकट म्हटली की त्यांना राग यायचा. "ही आधीची हाय. तुमचा रस्ता मागनं आला, तो लांबचा."

बऱ्याच वर्षांनी, गियरच्या सायकली आल्या तेव्हाची गोष्ट. एव्हरशाईन सिटीतली चार पोरं कुणाकडून तरी ऐकून त्यांच्याकडे आली. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पाण्याच्या पिशव्या.

"काका, इकडे ऑफरोडला मस्त ट्रेल कुठला आहे? तुम्हाला सगळे माहीत आहेत म्हणे."

"माहीत हायेत. तुमी परत कधी जानार?"

"म्हणजे? अजून गेलोच नाही."

"गेल्यावर परत कधी?"

"ते बघू ना काका. आवडला तर."

"मग नाय सांगत. पाहुन्यांनी वाट राहत नाय."

पोरं हसायला लागली. काका हसले नाहीत. शेवटी त्यांच्यातल्या एकाने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचं कबूल केलं, तेव्हा काकांनी अंगणातल्या मातीत काडीने चिंचोटीची वाट काढून दिली. जाताना त्यांच्या चाकांची हवाही कमी करून दिली. पोरं कुरकुरली, पण गेली. त्यातली दोघं पुढे खरंच दर महिन्याला जात राहिली.

पण मला सांगायचं आहे ते सोमवारच्या वाटेचं.

मी तिथे राहायला जाऊन तीनेक वर्षं झाली होती. गावाच्या आणि शेतांच्या मधली पडीक जमीन एका बिल्डरने घेतली. एका सोमवारी, एप्रिल महिन्यात, आम्ही दोघं नेहमीप्रमाणे निघालो तर बांध सुरू होतो तिथेच माणसापेक्षा उंच पत्रे ठोकलेले. पत्र्याबाहेर खुर्ची टाकून एक वॉचमन बसला होता. नांदेडकडचा, नवीनच आलेला.

काका सायकलवरून उतरले. पत्र्याला हात लावून पाहिला. मग वॉचमनकडे वळून म्हणाले, "किती वाजले?"

"सव्वासात."

"तुझं घड्याळ पाच मिनटं पुढं हाय."

आणि आम्ही परत फिरलो, लांबच्या रस्त्याने गासला जायला. त्या दिवशी सोमवारचं त्यांना मी पहिल्यांदा डांबरी रस्त्यावर पाहिलं. बाजूने डंपर जात होते आणि ते अंग चोरून चालवत होते, नवशिक्यासारखे. त्या पत्र्यांच्या पलीकडे अकरा घरांची शेती होती. लांबून गेलं तर प्रत्येक फेरीला पाऊण तास जास्त. त्यांच्या डोक्यात मात्र तास नव्हते, हे मला दिसत होतं. वडिलांच्या कुंपणापुढे ते दुसऱ्यांदा उभे राहिले होते.

घरी येऊन त्यांनी मला कागद आणायला सांगितला. "तू शिकलेली हायेस. लिव." तहसील कचेरीत द्यायचा अर्ज मी लिहिला. तीनदा लिहिला. माझ्या शिक्षणाचा कुणाला काही उपयोग होतोय, याचा आनंद मला त्या कागदावर झाला तेवढा पदवीच्या कागदावर झाला नव्हता. अकरा घरांनी सह्या-अंगठे केले.

सुनावणी लागेपर्यंत पावसाळा उलटला. पण दर सोमवारी काका सायकल घेऊन पत्र्यापर्यंत जायचे, वॉचमनला वेळ विचारायचे आणि परत यायचे. पावसातसुद्धा, डोक्यावर इरलं घालून. वॉचमन त्यांना वेडाच समजत होता. काकी म्हणाल्या, "दार लावलेल्या बाईच्या घरी जातात हे, आनि कडी बघून येतात."

भात कापून झाल्यावर तहसीलचे साहेब जागा पाहायला येणार असं कळलं. आदल्या दुपारी मी ओटीवर काकांजवळ बसले. एक गोष्ट मला खात होती. भात उभं असताना काका बांधावर चाक घालत नसत. त्यांच्याकडे तो नियमच होता. ओल्या बांधाला चाकाने चर पडते, चरीतून पाणी उतरतं आणि वरच्याचं खाचर कोरडं पडतं. म्हणून आवण, म्हणजे भाताची लावणी, झाल्यापासून कापणीपर्यंत, चार महिने, ते सायकल खांद्यावर घेऊन बांध ओलांडायचे आणि गासच्या रस्त्याला लागल्यावर तिच्यावर बसायचे.

"काका, उद्या पावसाळ्याचं काही बोलू नका. ते म्हणतील चाकाची वाट नाहीच."

"नाय विचारलं तर नाय बोलनार."

"आणि विचारलं तर?"

"विचारलं तर विचारलं."

दुसऱ्या दिवशी पत्र्याजवळच्या बदामाच्या झाडाखाली सगळे जमले. साहेब, त्यांचा कारकून, बिल्डरचा वकील, गावातले आठदहा जण. वकील शांत माणूस होता, आवाज न चढवता बोलायचा. त्याचं म्हणणं, ही वाट अलीकडे कुणी वापरतच नव्हतं. साहेबांनी सहज म्हणून वॉचमनला विचारलं, "काय हो, तुम्ही पाहिलंय का कुणाला येताना?"

वॉचमन उभा राहिला. "काका येतेत की साहेब. दर सोमवारी. सव्वासातला. मला टायम विचारतेत."

"किती महिने?"

"मी आल्यापासून. एक सोमवार चुकला न्हाई. माझं घड्याळ पुढं हाय म्हणून रागावतेत बी."

बिल्डरचाच माणूस, बिल्डरच्याच टोपीत. लोक हसले. वकीलसुद्धा किंचित हसला. मला वाटलं, जिंकलो. मग साहेबांनी मला पुढे बोलावलं, कारण अर्ज माझ्या अक्षरात होता.

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्ही या वाटेने गेला आहात?"

"तीन वर्षं जातेय. सायकलने."

वकील म्हणाला, "बारमाही? पावसाळ्यात, शेतात भात असतानाही सायकल बांधावरून चालते?"

पावसात मी सायकल काढत नसे. चिखलाने भरून शाळेत जायची मला लाज वाटे. म्हणजे त्या चार महिन्यांतलं मी काही पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, आणि तेही काकांच्याच तोंडून. मी काकांकडे पाहिलं नाही.

"हो," मी म्हणाले. "बारमाही चालते."

कारकुनाने लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे केला. तेवढ्यात काका मधे आले.

"साहेब, तिची सही घेऊ नका. आधी माझं लिवा."

"तुमची पाळी येईल."

"तवर उशीर व्हईल. बाय चुकली. पावसात ती बघायला नसते. मी सांगतो. भात असताना बांधावर चाक घालत नाय. चार महिने सायकल माझ्या खांद्यावर असते."

वकिलाने मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. साहेबांनी माझा जबाब स्वतःच्या हाताने खोडला आणि मला पुन्हा विचारलं. मी खरं सांगितलं. मग सही केली, आणि ती सही खऱ्याखाली होती.

घरी परतताना काका सायकल हातात धरून चालत होते. मी मागे. मला रडू येत होतं, आणि रागही. एवढी वर्षं राखलेली वाट यांनी एका वाक्यात घालवली असं मला वाटत होतं.

"काका, मी तुमच्यासाठी बोलले."

"ठावं हाय."

"मग?"

ते थांबले. "तिथं कोन कोन उभे व्हते बघितलंस? त्यांचेच बांध हायेत. उद्या ते म्हनले असते, हा भातात चाक घालत व्हता. माझ्याशी कोन बोललं असतं मग?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आनि तुला वर्गात पोरांफुडं उभं राहायचं असतं."

निकाल महिन्याभराने आला. वाट जुनी आहे, पायी जाणाऱ्यांसाठी ती मोकळी ठेवावी. वाहनाने जाण्याची बारमाही वहिवाट सिद्ध होत नाही. पत्रे निघाले. त्यांच्या जागी बिल्डरने दोन लोखंडी खांब रोवले, मधे जेमतेम दीड फूट फट. माणूस तिरका होऊन जाईल, सायकलचं हँडल अडकेल. कागदाप्रमाणे ते बरोबरच होतं.

पहिल्या सोमवारी काकांनी खांबांमधलं अंतर वितीने मोजलं. सायकलचं हँडल मोजलं. घरी आले, पत्र्याच्या पेटीतून एक पाना काढून खिशात टाकला आणि परत गेले. मीही गेले. खांबाशी उभं राहून त्यांनी हँडलच्या मधला नट सैल केला, वरून तळहाताने एक दणका दिला आणि हँडल फिरवून चाकाच्या रेषेत आणलं. सायकल फळीसारखी चपटी झाली. ती पुढे ढकलत, मागून आपण तिरके होत, ते पलीकडे गेले.

वॉचमन खुर्चीतून उठला. "काका, सायकलला परवानगी न्हाई."

"सायकल कोन चालवतंय? मी पायी हाय."

"हातात सायकल हाय की."

"हातात काय घ्यायचं नाय, ते लिवलंय का? ही बाय वाचून दाखवंल."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी निकालाची नक्कल पिशवीतून काढली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई," आणि खुर्चीत बसला. पलीकडे काका हँडल सरळ करून नट आवळत होते. नट आवळताना ते नेहमी जीभ दातांत धरायचे.

सुपरवायझरने दोनचारदा हरकत घेतली. वकिलाला विचारलं म्हणे, तर तो म्हणाला, जाऊ द्या त्यांना. पुढची सात वर्षं काका दर सोमवारी असे गेले, पाच मिनटं इकडे आणि पाच मिनटं तिकडे. भाताच्या दिवसांत सायकल तशीच चपटी, खांद्यावर.

माझं लग्न झालं, आम्ही एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. मुलगी झाली. येणंजाणं सणावारापुरतं राहिलं. काकांचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी सायकल बंद केल्याचं काकींकडून कळलं, तेव्हा एका सकाळी मी मुद्दाम सायकलने तिकडे गेले. घरी जायच्या आधी वाट बघून घेतली.

इमारती उभ्या राहिल्या होत्या. खांब तिथेच होते. उजव्या खांबाला तारेने एक पाना बांधलेला होता. वॉचमन तोच, केस पिकलेले. त्याने मला ओळखलं.

"हा कुणी बांधला?" मी विचारलं.

"मीच. काका यायचे बंद झाले, पण बाकीचे येतेत ना. भाजीवाल्या बाया येतेत, बिल्डिंगमधली पोरं येतेत, ते टोपवाले येतेत. प्रत्येकाकडं पाना कुठून असणार?"

मी माझं हँडल फिरवलं आणि आत गेले. बांधावर एका चाकाची नव्हे, बऱ्याच चाकांची रेघ उमटली होती.

काका ओटीवर पाय लांब करून बसले होते. मी पाया पडले. त्यांनी माझी, मुलीची, नवऱ्याची चौकशी केली नाही.

"कुठनं आलीस?"

"वाटेने. वॉचमनने खांबाला पाना बांधलाय, काका."

"ठावं हाय. गंजलाय का?"

"नाही. धरायच्या जागी चकचकीत झालाय."

त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटून मी उठणार, एवढ्यात म्हणाले, "मग चालू हाय."